पाच वर्षांच्या मुलाला एडीएचडी: पालक प्रशिक्षण कुठे आणि कसलं घ्यावं?

नाशिकची_आई:
मुलगा पाच वर्षांचा, सिनियर केजीत. डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियननी (मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांनी) एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, सांगितलंय. औषध आत्ता नको, आधी पालक प्रशिक्षण घ्या म्हणाले. चार घास झाले की ताटावरून उठून पळतो, सकाळी बूट घालायला अर्धा तास. शाळेतून रोज तक्रार. दुपारभर तो सासूबाईंकडे असतो आणि त्यांना इंग्रजी कळत नाही. कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? मराठीत मिळेल का? नवऱ्याला वाटतंय हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. कृपया सांगा.

मीनल_ठाणे:
ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. हा वेळकाढूपणा अजिबात नाही, यजमानांना नक्की सांगा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार ते सहा या वयासाठी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण हाच पहिला उपचार सांगितलाय. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचनाही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तेच म्हणतात. सहा वर्षांनंतर औषध आणि प्रशिक्षण जोडीने चालतं.

निवडताना मी एकच गोष्ट बघेन: तिथे तुमच्याकडून करून घेतात का? दिवसभराची कार्यशाळा ओळखीपुरती ठीक, पण स्लाइड बघून मूल हाताळता येत नाही. इन्क्रेडिबल इयर्स नावाचा कार्यक्रम अमेरिकेत सुरू झाला. त्यात पालकांचा गट १८ ते २० आठवडे, दर आठवड्याला दोन तास भेटतो. व्हिडिओतला प्रसंग बघायचा, आपसात करून बघायचा, आठवडाभर घरी वापरायचा आणि पुढच्या वेळी काय झालं ते सांगायचं. नाव कुठलंही असो, ही पद्धत हवी.

चौकशीसाठी मुंबईत उम्मीद (मुलांच्या विकासावर काम करणारी संस्था), ठाण्यात आयपीएच (मानसिक आरोग्य संस्था), बंगळुरूला निम्हान्सचा बाल मानसोपचार विभाग. फोनवर थेट विचारा: या वयाच्या एडीएचडी मुलांच्या पालकांसाठी गट आहे का, मराठीत आहे का, ऑनलाइन बसता येईल का, आजीला घेऊन येऊ का. नाशिकच्या सिव्हिलमध्येही डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची ही केंद्रं जिल्हा पातळीवर असतात आणि सेवा मोफत असते.

सुहास_न्यूजर्सी:
आम्ही इथे पीसीआयटी घेतली, म्हणजे पालक आणि मूल दोघांनी मिळून घ्यायची थेरपी, दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी असते. खोलीत मी आणि मुलगी ठोकळे खेळतोय, थेरपिस्ट काचेपलीकडे आणि माझ्या कानात इअरपीस. पहिल्या टप्प्यात पाच मिनिटांच्या खेळात दहा वेळा नेमकं कौतुक, दहा वेळा मूल बोललं ते परत बोलणं, दहा वेळा ते करतंय त्याचं वर्णन. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनच्या वर नकोत. हे जमल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. नुसतं ‘शाब्बास’ मोजत नाहीत, ‘ठोकळे हळू ठेवलेस, छान’ मोजतात. ‘हे काय बनवलंस?’ हासुद्धा प्रश्नच, तो वजा.

दुसऱ्या टप्प्यात सूचना द्यायला शिकवतात. ‘बूट घालतोस का रे राजा?’ यावर मूल सरळ नाही म्हणू शकतं. जवळ जाऊन, त्याच्याकडे बघून ‘बूट घाल’ म्हणायचं आणि पाच सेकंद गप्प राहायचं. घातले की लगेच कौतुक. माझ्या मते तुमच्या सासूबाईंना हे तुमच्याआधी जमेल.

नाशिकची_आई:
मीनलताई, सुहासदादा, खूप आभार. सासूबाई यायला तयार आहेत. पण तो किंचाळला की त्या लगेच बिस्किट देतात. ते कसं थांबवायचं?

वर्षा_कोल्हापूर:
आमच्याकडे आईंचं हेच होतं. पालक प्रशिक्षणाच्या गटातल्या ताईंनी त्यांना दोष न देता समजावलं: दोनदा दुर्लक्ष करून तिसऱ्या किंकाळीला बिस्किट दिलं, तर पोरगं तीन वेळा किंचाळायला शिकतं. शिवाय दुर्लक्ष सुरू केलं की किंचाळणं आधी वाढतं. बरीच घरं तिथेच माघार घेतात, म्हणून हे आजींना आधीच सांगा. आणि त्यांना नुसतं ‘देऊ नका’ म्हणू नका, हातात काम द्या. तो शांतपणे मागेल तेव्हा बिस्किट त्यांनीच द्यायचं. आमच्या आईंना हे मनापासून पटलं. (मारणं, फेकणं याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही, त्याचे नियम वेगळे शिकवतात.)

तक्त्यावर चांदण्या लावणार असाल तर बक्षीस त्याच दिवशी द्या. या मुलांना लांबचं बक्षीस ओढत नाही, ‘महिनाभर शहाण्यासारखा वाग, सायकल घेऊ’ याचा उपयोग होत नाही.

मीनल_ठाणे:
शाळेचं राहिलं. बाईंशी बोलून रोजचं छोटं कार्ड सुरू करा, दोनच गोष्टी: गोष्ट सांगताना जागेवर बसला, डबा संपवला. बाई खूण करतील, बक्षीस घरी. तक्रारवहीपेक्षा हे बाईंनाही सोपं जातं.

यजमानांसाठी: औषधाचं दार बंद होत नाही. प्रशिक्षण नीट करूनही फारसा फरक पडला नाही आणि त्रास जास्त असेल, तर या वयातही डॉक्टर औषधाचा विचार करतात. त्यासाठी काय बदललं, काय नाही हे वहीत लिहून ठेवा, पुढच्या भेटीला ती वही न्या. आणि तुम्हाला स्वतःला फार थकायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, मराठीत बोलतात.

नाशिकची_आई:
सिव्हिलला सोमवारी जाते, ठाण्याला आजच फोन करते. काय कळेल ते इथे लिहीन, नाशिकच्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.