मदत हवी आहे: गाडीचं पांढरट पडलेलं काळं प्लास्टिक घरीच रंगवायचंय

नमस्कार मंडळी,

नागपुरात राहतो. गाडी २०१३ ची हॅचबॅक, पार्किंग उघड्यावर. इंजिन ठणठणीत, पण उन्हानं रया गेलीय. बंपरचा खालचा काळा भाग आणि वायपरखालची जाळी राखाडी झालीय. बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते.

सिलिकॉनवालं ड्रेसिंग लावलं की चकाचक, आणि पहिल्या पावसात सगळं ओघळून परत तेच. हीट गनने (गरम हवा मारायचं यंत्र) काळेपणा येतो खरा, पण मूळ थरच उन्हानं खराब झालेला, मग टिकणार किती? म्हणून आता रंगच मारावा म्हणतोय. बंपरच्या आतल्या बाजूला 'पीपी' लिहिलंय, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर नुसता स्प्रे धरत नाही, हे माहीत आहे. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरनं (मेण, तेल काढणारं द्रावण) सिलिकॉन साफ करून, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्लास्टिकसाठीचा प्रायमर (रंग धरायला आधी मारायचा थर) आणि मॅट काळ्याचे पातळ हात, असा बेत आहे. असं कुणी केलंय का? दोन उन्हाळे निघाले की पोपडे सुटले? आणि काळ्या रंगावर मॅट क्लिअर कोट (वरचा बिनचमकीचा पारदर्शक थर) हवाच का?

आतलं वेगळंच दुखणं. दाराचं बेज रेक्झिन हात टेकून टेकून काळंकुट्ट झालंय. विनाइल डाय (रेक्झिनवर मारायचा रंग) मारला तर घामानं रंग शर्टाला लागतो का? डॅशबोर्डला काही चमकदार सुचवू नका, काचेत प्रतिबिंब पडून रात्री वैताग येतो. एअरबॅगच्या झाकणांना तर मी हातच लावणार नाही.

पेंटरकडचे सल्ले नकोत (तो म्हणतो, नवीन बंपरच टाका!). स्वतः केलेल्यांनी कृपया फोटोसकट सांगा.