कांदेनवमीच्या अनियन रिंग्ज कुरकुरीत कशा राहतील?

प्रेषक: सहल समितीतील एक स्वयंसेवक
शनिवार, १४ जून २०२५

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

यंदा आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे आपली कांदेनवमी, शुक्रवारी ४ जुलैला येत आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि कांदेनवमी एकाच दिवशी, शिवाय सगळ्यांना सुट्टी, त्यामुळे सहलीच्या जेवणात कांद्यालाच मान द्यायचा हे समितीत फारशी चर्चा न होता ठरले. रविवारी ६ जुलैला आषाढी एकादशी आहे आणि तेव्हापासून चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण बंद होईल. खेकडा भजी, कांद्याचे थालीपीठ आणि झुणका यांची जबाबदारी वाटून झाली आहे. मुलांनी मात्र अनियन रिंग्ज मागितल्या आहेत आणि ते काम मी अंगावर घेतले आहे.

अडचण अशी, की गेल्या वर्षी मी घरून तळून आणलेल्या रिंग्ज उद्यानात पोहोचेपर्यंत मऊ पडल्या होत्या. अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरून, वर फॉइल घट्ट लावून त्या आणल्या होत्या. खाताना पहिल्याच घासाला आतला कांदा दोरीसारखा अख्खा ओढला जाऊन बाहेर येई आणि हातात पिठाचे रिकामे कडे उरे. मुलांनी तक्रार केली नाही, पण ट्रे भरलेलाच परत आला. माझे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कळावे,
आपला नम्र स्वयंसेवक

---

प्रेषक: मंडळातील सर्वांची काकू
शनिवार, १४ जून २०२५

चि. स्वयंसेवकास अनेक आशीर्वाद.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत, म्हणून त्या वेगळ्या करून सांगते. रिंग मऊ पडणे ही वाफेची चूक आहे. गरम तळणातून वाफ निघत असते आणि फॉइल लावले की ती वाफ पाणी होऊन पुन्हा त्याच तळणावर बसते. तळलेला कोणताही पदार्थ झाकू नये, हे आपल्या आया कुरडया-पापडांच्या बाबतीत सांगत आल्या, आणि आपण मात्र गाडीत तेल सांडेल या भीतीने तेवढेच विसरतो. कागदावर ढीग करून ठेवण्यानेही खालच्या रिंग्ज ओल्या होतात. केक गार करण्याची तारेची जाळी घेऊन तिच्यावर एकाच थरात, मोकळ्या ठेवाव्यात. थोडा वेळ थांबायचे असेल तर ती जाळी ९५ अंश सेल्सियसच्या, म्हणजे इथल्या २०० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये सरकवावी.

कांदा ओढला जाणे ही पापुद्र्याची चूक आहे. कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक, गुळगुळीत पापुद्रा असतो. त्याच्यावर पीठ धरत नाही आणि तो दातांनी सहज तुटतही नाही. साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून, कडी सुटी करून हा पापुद्रा नखाने सोलून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी मान्य करते. मी चकत्या पिशवीत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे सकाळी कांदा वितळल्यावर पापुद्रा आपोआप सुटतो आणि कांदाही इतका नरम होतो की पहिल्या घासाला स्वच्छ तुटतो. मात्र वितळलेल्या कांद्याला भरपूर पाणी सुटते. ते पंचाने नीट टिपल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पिठाचे माझे प्रमाण असे आहे: दोन मोठ्या कांद्यांना १ वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, १ लहान चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, थोडे लाल तिखट, आणि सुमारे सव्वा वाटी फ्रीजमधला थंडगार सोडा, म्हणजे बाटलीतले फसफसणारे पाणी. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा सैल आणि धिरड्याच्या पिठासारखे ओघळणारे असावे. ते तळायच्या अगदी आधी कालवावे आणि फेटू नये, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. मैद्याला पाणी आणि घोटणे मिळाले की त्यात चिवटपणा येतो. तांदळाच्या पिठात तो गुण नसतो, म्हणून त्याची जोड द्यायची. तांदळाच्या पिठाऐवजी कॉर्नफ्लोअर घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, की भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इथल्या दुकानात कॉर्नस्टार्च या नावाने मिळते. इथे कॉर्नफ्लोअर म्हणून जे मिळते ते मक्याचे दळलेले पीठ असते आणि त्याने हा परिणाम साधत नाही.

आणि कांदा सरळ त्या पिठात बुडवू नका. आधी कोरड्या मैद्यात घोळवा, झटका, मग बुडवा.

तुमची काकू

---

प्रेषक: निवृत्त सभासद, केमिकल इंजिनियर
रविवार, १५ जून २०२५

सप्रेम नमस्कार.

काकूंच्या पत्रात भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही, परंतु कांदा कोणता घ्यावा हा विषय राहिला आहे. आपण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो आणि जूनमध्ये प्रत्येक दुकानात व्हिडेलिया कांद्यांचे ढीग लागलेले असतात, तेव्हा सहलीला तेच आणले जातील असे गृहीत धरून लिहितो. हा चपटा, फिका कांदा जॉर्जियातल्याच व्हिडेलिया गावाच्या आसपासच्या गंधक कमी असलेल्या वालुकामय जमिनीत होतो. १९८६ च्या राज्य कायद्याने ठरवून दिलेल्या परिसरात पिकलेल्या कांद्यालाच हे नाव लावता येते. तो गोड लागतो याचे कारण त्यात साखर फार असते हे नसून, तिखटपणा आणणारी गंधकाची संयुगे त्यात कमी असतात, हे आहे. आपल्याकडच्या नाशिकच्या उन्हाळ कांद्याप्रमाणे तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, कारण तो नाजूक आणि पाणीदार असतो.

रिंगसाठी तो वाईट नाही. कडी मोठी मिळतात, आणि मुलांना तिखट कांदा नको असतो. परंतु त्यातले पाणी ध्यानात घेऊन कोरड्या मैद्याचा टप्पा चुकवू नये. माझी स्वतःची पसंती जाड सालीच्या साध्या पिवळ्या कांद्याला आहे, कारण तळल्यावरही त्याला कांद्याची चव उरते.

तेलाबद्दल एवढेच, की अंदाज करू नका, थर्मामीटर वापरा. तेल १८० ते १९० अंश सेल्सियसवर असावे. पिठातले पाणी झपाट्याने वाफ होऊन बाहेर पडत राहिले, तरच कवच सच्छिद्र आणि कोरडे होते. एका वेळी दहा-बारा रिंग्ज सोडल्या की तेल धाडकन निवते, वाफेचा जोर ओसरतो, आणि मग कवच कुरकुरीत होण्याआधीच तेल पिऊ लागते. कढईच्या आकाराप्रमाणे चार किंवा पाच सोडाव्यात, तेल पुन्हा तापू द्यावे, मग पुढचा घाणा. शेंगदाण्याचे शुद्ध केलेले तेल उत्तम आहे, मात्र शेंगदाण्याची अॅलर्जी असणारी मुले येणार असतील तर कॅनोला घ्या. आणि कढईजवळ घट्ट बसणारे झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतलाच तर झाकण टाकून आच बंद करायची असते, पाणी कदापि ओतायचे नसते.

आपला,
एक जुना सभासद

---

प्रेषक: एक सभासद
रविवार, १५ जून २०२५

नमस्कार. एअर फ्रायरमध्ये करता येतील का? घरात तळण केले की आमचा धुराचा अलार्म वाजतो आणि शेजारी दार ठोठावतात.

---

प्रेषक: मंडळातील सर्वांची काकू
रविवार, १५ जून २०२५

ताई, सैल पिठाच्या रिंग्ज एअर फ्रायरमध्ये जमत नाहीत. पीठ धरण्याआधीच जाळीतून खाली गळते. त्यात करायच्याच असतील तर पीठ दाट ठेवून रिंग वरून कोरड्या चुऱ्यात घोळवावी लागते आणि तेलाचा फवारा मारावा लागतो. चुऱ्याऐवजी बारीक रवा आणि तांदळाचे पीठ घ्या. आपण सुरमईच्या तुकड्या जशा घोळवतो, तसेच करायचे. चव चांगली येते, पण तिला तळलेल्याची सर नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

---

प्रेषक: भजी विभागाचे प्रमुख (स्वयंघोषित)
सोमवार, १६ जून २०२५

सर्वांस नमस्कार.

इतका खटाटोप वाचून मला प्रश्न पडतो, की हे सर्व करण्यापेक्षा मुलांना खेकडा भजीच का देऊ नयेत. भज्यांत कांद्याच्या पाण्याशी भांडावे लागत नाही. उभा चिरलेला कांदा मीठ लावून चुरून ठेवला, की त्याला जे पाणी सुटते त्यातच बेसन, थोडे तांदळाचे पीठ, ओवा आणि तिखट कालवायचे. वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही, फक्त कडकडीत तेलाचे मोहन. ज्या पाण्याला तुम्ही पंचाने टिपून हाकलून देता, त्याच पाण्यावर आमचा पदार्थ उभा राहतो. शिवाय भजी वेडीवाकडी झाली तरच तिला खेकडा म्हणतात.

माझा रिंग्जना विरोध नाही. फक्त माझी कढई मी त्यांच्यासाठी देणार नाही.

आपला भजीप्रेमी

---

प्रेषक: सहल समितीतील एक स्वयंसेवक
रविवार, २२ जून २०२५

आदरणीय काकू, काका आणि भजी विभाग,
सादर नमस्कार.

आपल्या सूचनांप्रमाणे काल घरी प्रयोग केला. कांदे रात्रभर गोठवले, पापुद्रे काढले, पाणी टिपले, आणि तळणाचे दोन भाग केले. पहिला घाणा जाळीवर उघडा ठेवला आणि दुसरा मुद्दाम मागच्या वर्षीसारखा फॉइलखाली ठेवला. अर्ध्या तासाने फॉइलखालच्या रिंग्ज मऊ झाल्या होत्या. जाळीवरच्या पहिल्याइतक्या कडक नव्हत्या, पण कुरकुरत होत्या, आणि कांदाही घासाबरोबर तुटला. मीठ मात्र तळून काढल्याबरोबर भुरभुरावे लागते, हे उशिरा लक्षात आले. गार झालेल्या रिंगवर ते बसत नाही, ताटात सांडते.

यावरून असे ठरवले आहे, की घरून तळून काहीही आणायचे नाही. कांदे घरी गोठवून, सोलून, टिपून डब्यात आणू, कोरडे पीठ एका डब्यात, आणि सोड्याच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत. तळण उद्यानातच, गॅसच्या शेगडीवर, मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर होईल आणि रिंग तेलातून थेट ताटात जाईल. उरलेले तेल गार करून तेलाच्याच डब्यात भरून परत नेऊ, ते कुठेही ओतणार नाही. मला अजून एक मोठी कढई, दोन तारेच्या जाळ्या आणि तेलाचा थर्मामीटर हवा आहे. भजी विभागाची कढई सोडून इतर कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.

आपला,
स्वयंसेवक

---

प्रेषक: भजी विभागाचे प्रमुख (स्वयंघोषित)
रविवार, २२ जून २०२५

थर्मामीटर माझ्याकडे आहे. तो घेऊन जावा. कढईबद्दलचे मत कायम आहे.