मदत हवी आहे: विकिपीडियावर खाजनाबद्दल लिहिलं, सगळं उडालं. माझं कुठे चुकलं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात २२ वर्षं गेली, त्यातली निम्मी मांडवी-जुवारीकाठच्या खाजनांत गुडघाभर चिखलात. मागच्या महिन्यात मराठी विकिपीडियावर एक लेख वाचला (नाव देत नाही, उगाच सगळे तिकडे धावाल). खाजन आणि मिठागर एकच, असा त्याचा सूर. काही खाजनांत मिठागरं असतात हे खरं. पण खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून राखलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाने मीठ धुऊन गेलं की कोरगुटाची, म्हणजे खारं सोसणाऱ्या भाताची, पेरणी.

उत्साहात सहा परिच्छेद लिहिले. दुसऱ्या दिवशी पाहते तर एकही नाही. 'इतिहास पहा'मध्ये शेरा: अप्रकाशित संशोधन, संदर्भ नाहीत. मी परत टाकले, परत गेले. मग चर्चा पानावर माझी पदवी आणि नोकरीची वर्षं लिहून आले. आता त्याची लाज वाटते.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. बांधाला कुठला चिखल लावायचा, मानशीचं लाकूड कधी बदलायचं, हे मला शेतकऱ्यांनी शिकवलं. ते कुठे छापलेलं नाही. मग लिहायचंच नाही? आणि माझाच शोधनिबंध संदर्भ म्हणून दिला तर ती आत्मप्रौढी का?

प्रतिसाद १
मॅडम, पदवीचं मनाला लावून घेऊ नका, नवे आलेले बरेच प्राध्यापक हेच करतात. तिथे पदवी चालत नाही, कारण ती तपासणार कोण? २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर 'एसजे' नावाने वावरणारा, स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवणारा सदस्य २४ वर्षांचा तरुण निघाला, प्राध्यापक नव्हताच. म्हणून तिथे वजन संदर्भाला. संदर्भ ऑनलाइनच हवा असंही नाही, पुस्तकाचं नाव, साल आणि पान दिलं की पुरे. पोर्तुगीजमधला असला तरी चालतो. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस बसलात तर अर्धे परिच्छेद परत येतील.

स्वतःचा निबंध देता येतो, पण सगळा लेख त्याच्यावरच उभा नको. आधी चर्चा पानावर 'हा माझाच निबंध आहे' असं सांगून टाका, मग कुणी बोट दाखवणार नाही. नवं लिखाण आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करा. आणि उडालेलं पुन्हा पुन्हा चिकटवू नका, त्याने भांडण वाढतं, लेख सुधारत नाही.

शेतकऱ्यांचं ज्ञान मात्र थेट चालणार नाही. ते आधी एखाद्या नियतकालिकात छापून आणा, विकिपीडियाची पाळी नंतर. हे तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? तोवर मानशीचे स्वतः काढलेले फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर) चढवा, तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालतं.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. स्वतःचा छापून आलेला लेख जसाच्या तसा डकवू नका, हक्क प्रकाशकाकडे असू शकतात. गोवा विद्यापीठाचा कोंकणी विश्वकोश मात्र २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झालाय, त्यातलं श्रेय देऊन घेता येतं.

धागाकर्ती
देव बरें करूं दोघांचंही! शनिवारी पाटोवर जातेच. फोटोंच्या तर तीन पेट्या आहेत. पण सगळ्यात चांगल्या फोटोत मानशीवर जाळं लावणारे दोघे अगदी ओळखू येतात. कॉमन्सवर चढवायच्या आधी त्यांना विचारावं लागेल ना? एक तर आता मुरगांवला राहतो म्हणे.