मदत हवी आहे: आत्मकथनांतला निसर्ग आणि ओळख, नोंदी कशा कराव्यात?

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) आणि केनियाच्या वांगारी मथाईंचं 'अनबाउड' (२००६) यांचा तुलनात्मक तक्ता करतेय. रकाने: झाड किंवा पाणी, पान क्रमांक, कष्ट कुणाचे, मालकी कुणाची, 'मी' की 'आम्ही'. 'प्रतीक' हा रकाना काढून टाकला. तो ठेवला की सगळं त्यातच कोंबलं जातं आणि बायकांचे श्रम दिसेनासे होतात.

मथाईंचं काम सोपं जातंय. किकुयू या त्यांच्या केनियातल्या समाजासाठी मुगुमो, म्हणजे उंबराच्या कुळातलं झाड, देवाचं. त्याचं वाळकं लाकूडही सरपणाला आणायचं नाही. पुढे झाड तोडलं जातं आणि शेजारचा झरा आटतो. मुळं खडकातून खोल जाऊन भूजल वर आणतात, म्हणून श्रद्धा आणि पाणी एकाच नोंदीत बसतात.

अडलंय ते बांबूपाशी. 'आयदान'मधली आई सुपं-टोपल्या विणून मुलांना शिकवते. तोच बांबू पोट भरतो आणि त्या कोकणी भागात जातही सांगतो. नोंदींचे वर्गही पाडतेय, तर ही नोंद 'उपजीविका' या वर्गात टाकावी की 'ओळख'मध्ये? दोन्हीकडे टाकली तर मोजणी फुगते. आणि 'आम्ही' म्हणजे घर, डोईवर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, की अख्खी वाडी, हे कशावरून ठरवता? ज्यांनी असं वर्गीकरण केलंय त्यांनी एखादी नमुना नोंद इथे टाकली तर फार मदत होईल.