त्र्यंबकेश्वर दर्शन, ब्रह्मगिरी आणि हरिहर गड दोन दिवसांत: तातडीने मदत हवी आहे

नीलमेघ
नमस्कार. या आठवड्याच्या शेवटी आम्ही त्र्यंबकेश्वरला जात आहोत. ज्योतिर्लिंगाचे दर्शन, ब्रह्मगिरीवरचे गोदावरीचे उगमस्थान आणि हरिहर गड या तीन गोष्टी दोन दिवसांत बसवायच्या आहेत. आधी काय करावे, नंतर काय करावे आणि मुक्काम त्र्यंबकमध्ये ठेवावा की नाशिकमध्ये, एवढेच मला विचारायचे आहे. खोलीचे आगाऊ पैसे आज संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत, त्यामुळे ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे.

सह्यवाट
हरिहर पहिल्या दिवशी पहाटेच करा. निरगुडपाडा या पायथ्याच्या गावातून वाट मळलेली आहे. दुसरी वाट हर्षेवाडीहून येते आणि ती त्र्यंबकला जवळची आहे. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पकडीसाठी खोदलेल्या खोबण्या, दरवाजा ओलांडला की डोक्यावर आलेल्या कातळाखालून वाकून जाणारी वाट आणि पुढे पुन्हा तशाच पायऱ्या, असा गड सह्याद्रीत दुसरा नाही. माथ्यावर तळे आहे, मारुतीचे आणि महादेवाचे स्थान आहे आणि दोन खोल्यांचे जुने दारूकोठारही आहे. दुपारपर्यंत उतरून संध्याकाळी निवांत दर्शन घ्या.

गोदाकाठ
नीलमेघ, आपण किती जण आहात, त्यांची वये काय, कोठून आणि कोणत्या वाहनाने येणार, आणि मुख्य म्हणजे नेमके वार कोणते, हे काहीच लिहिलेले नाही. श्रावण चालू असताना वार कळल्याशिवाय त्र्यंबकचा कोणताही बेत सांगता येत नाही. सह्यवाट यांनी कोण येणार हे न विचारताच हरिहर सांगून टाकला, तो त्यांच्या आवडीचा गड आहे म्हणून. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही.

नीलमेघ
आम्ही चौघे आहोत, पुण्याहून स्वतःच्या गाडीने येत आहोत. रविवारी पहाटे निघून सोमवारी रात्री परतायचे आहे, सोमवारची रजा मंजूर झालेली आहे. मी आणि पत्नी नियमित डोंगर चढतो, त्यामुळे चढाईची काळजी नाही. मला फक्त क्रम हवा आहे.

गोदाकाठ
मग हे आधी वाचा आणि त्यानंतरच पैसे भरा. येता सोमवार श्रावणातला तिसरा सोमवार आहे. या दिवशी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते आणि तिच्यासाठी लाखो भाविक त्र्यंबकमध्ये येतात. रविवारी संध्याकाळपासूनच लोक गावातल्या कुशावर्त कुंडावर स्नान करून फेरीला लागतात, रात्रभर चालतात आणि सोमवारी सकाळी परत येऊन देवाच्या रांगेत उभे राहतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आणि मोठी त्याच्या दुप्पट असते. खासगी गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबवतात, नाशिकहून एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात आणि तुमची गाडी एकदा वाहनतळावर लागली की ती सोमवारी वाटेल तेव्हा काढून हरिहरकडे नेता येईल, असे समजू नका. इतर सोमवारीही गर्दी असते, पण तिसऱ्या सोमवारची तुलना इतर कोणत्याच दिवसाशी होत नाही. आम्ही नाशिककर त्या दिवशी फेरीलाच जातो. नुसते दर्शन घ्यायचे असेल तर दुसरा दिवस निवडतो.

नीलमेघ
सगळी गर्दी त्र्यंबकमध्ये असेल, तर सोमवारी हरिहर मोकळा मिळेल, असे धरता येईल का? मुक्काम नाशिकमध्ये केला तर?

सह्यवाट
मोकळा मिळेल, मी तेच म्हणतो आहे.

कडेकपारी
मिळणार नाही. रविवारच्या फेरीला आलेल्यांपैकी अनेक तरुण दुसऱ्या दिवशी त्याच भागात फिरतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की श्रावणात त्या पायऱ्यांवर शेवाळ असते, पाऊस चालू असला तर पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि चढणारे व उतरणारे एकाच अरुंद पायरीवर समोरासमोर येतात. उतरताना तोंड कातळाकडे करून, पाय मागे टाकत खालच्या पायरीचा अंदाज घ्यावा लागतो. अशा वेळी वरच्या माणसाचा पाय घसरला तर खालच्यांपैकी कोणालाच बाजूला सरकायला जागा नसते. गर्दीमुळे वनविभागाने तेथे येणाऱ्यांच्या संख्येवर यापूर्वी मर्यादाही घातलेल्या आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांच्याकडे चौकशी केल्याशिवाय जाऊ नये. सह्यवाट, आपण अनुभवी आहात म्हणून आपणास तो गड पावसातही जमतो, पण अनोळखी कुटुंबाला असा सल्ला देऊ नये.

सह्यवाट
पावसात गड चढूच नये असे म्हटले तर सह्याद्री चार महिने बंद ठेवावा लागेल. पहाटे पोहोचणारा माणूस गर्दीच्या आधी उतरलेला असतो. पायऱ्या कोरणाऱ्यांनी त्या बारमाही वापरासाठीच कोरल्या होत्या.

कडेकपारी
त्यांनी त्या शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या सैनिकांच्या, वापरासाठी कोरल्या होत्या. सुटीच्या दिवशी शेकडो माणसे एकाच वेळी चढतील, हे त्यांच्यासमोर नव्हते.

दफ्तरखाना
पायऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. १८१८ साली इंग्रजांनी नाशिक परिसरातले किल्ले एकामागून एक घेतले आणि त्यांतल्या अनेकांचे मार्ग सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. हरिहर ताब्यात घेणारा कॅप्टन ब्रिग्ज मात्र या पायऱ्यांनी थक्क झाला होता आणि त्या शाबूत राहिल्या. त्याआधी १६३६ मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकगडासह हा किल्ला मोगलांना द्यावा लागला होता आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. ब्रह्मगिरी म्हणून आपण जेथे जातो तोही त्र्यंबकगडच आहे, आणि त्याच्या टोकाला असलेला दुर्गभांडार बहुतेक यात्रेकरू न पाहताच उतरतात. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी खाली उतरायचे, ठेंगण्या दारातून वाकून बाहेर पडायचे, दोन्हीकडे दरी असलेली कातळाची चिंचोळी पट्टी ओलांडायची आणि समोरच्या पायऱ्यांनी पुन्हा वर चढायचे, अशी ती वाट आहे. कोरीव पायऱ्यांसाठीच हरिहरला जायचे असेल, तर त्या ब्रह्मगिरीवरही आहेत, हे लक्षात घ्यावे. अर्थात पट्टीवर वारा फार असतो आणि धुक्यात तेथे जाऊ नये.

यजमानवृत्ती
त्र्यंबकला येत आहात तर नारायण नागबळीचाही विचार करावा. हा विधी तीन दिवसांचा असल्यामुळे दोन दिवसांत होणार नाही, परंतु त्रिपिंडी श्राद्ध किंवा कालसर्प शांती एका दिवसात होते. तीर्थपुरोहितांना आधी कळवून तिथी घ्यावी लागते, सोवळ्याचे वस्त्र नवे आणावे लागते. त्र्यंबकच्या पुरोहितांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. आपल्या आडनावाचे आणि मूळ गावाचे पुरोहित कोण, हे विचारले तर पणजोबांच्या हातची नोंदसुद्धा पाहायला मिळू शकते.

नीलमेघ
आम्हाला कोणताही विधी करायचा नाही. आईला फक्त दर्शन घ्यायचे आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी तिचे शेवटचे राहिलेले ते हेच. हरिहर आणि ब्रह्मगिरी आमच्या तिघांसाठी आहे, मुलगा बारा वर्षांचा आहे. क्रम कोणी सांगेल का?

रानजाई
आई बरोबर आहेत ही गोष्ट आता कळते आहे. त्यांचे वय काय, गुडघे कसे आहेत, रांगेत किती वेळ उभ्या राहू शकतात? मुलासाठी मी हरिहरऐवजी अंजनेरी सुचवीन. नाशिकहून त्र्यंबकला येतानाच तो डोंगर डावीकडे दिसतो, वाट पायऱ्यांची आहे, वर अंजनीमातेचे मंदिर आहे आणि हनुमानाचे जन्मस्थान म्हणून लोक श्रद्धेने येतात. पायथ्याच्या गावात जुन्या देवळांचे अवशेष आहेत. श्रावणात पठारावर फुलांचा हंगाम सुरू होतो. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या दुर्मिळ वनस्पतीला नावच या डोंगरावरून मिळालेले आहे. तिच्या आणि तेथल्या गिधाडांच्या रक्षणासाठी हा भाग राखीव केलेला आहे, त्यामुळे पायवाट सोडून गवतात शिरू नये.

कडेकपारी
अंजनेरीचीही दुसरी बाजू सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी जोराच्या पावसात तेथल्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला होता आणि पर्यटक वर अडकले होते. पाऊस वाढतो आहे असे दिसले तर मुलाला घेऊन तेथूनही मागे फिरावे.

नीलमेघ
आईचे वय ६८ आहे. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, सपाटीवर चालते, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त उभी राहू शकत नाही. हे दर्शनासाठी आड येईल असे मला वाटले नव्हते, कारण मंदिर गावातच आहे.

गोदाकाठ
मंदिर गावात आहे, पण रांग तासन् तास चालते. तिसऱ्या सोमवारी त्यांना त्या रांगेत उभे करणे शक्य नाही, आणि ज्या दर्शनासाठी हा सगळा प्रवास आहे तेच राहून जाईल. चौघांच्या प्रवासाचा कणा आईंचे दर्शन हा आहे, तर दिवस त्यांच्या सोयीने ठरवावा. माझे स्पष्ट मत असे, की सोमवारची रजा बदलून घ्यावी आणि त्याच्या पुढच्या बुधवारी-गुरुवारी यावे. मुक्काम त्र्यंबकमध्येच करावा, म्हणजे पहाटे मंदिर उघडताना आई पाच मिनिटांत रांगेत पोहोचतील; ज्येष्ठांसाठी काय सोय आहे ते देवस्थानाकडे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. येथे वर आलेले लिंग दिसत नाही. शाळुंकेच्या खोलगट जागेत ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. रांग हलत असताना नेमके कोठे पाहायचे हे ठाऊक नसले, तर दूरवरून आलेला माणूस दर्शन न होताच बाहेर पडतो.

ओवीवाचक
गोदाकाठ यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. आईंना ब्रह्मगिरी चढता येणार नाही म्हणून त्यांना खोलीवर बसवून जाऊ नका. डोंगराच्या पायथ्याशी, गावातच, संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला येथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते, एरवी मंदिर शांत असते आणि तेथे कितीही वेळ बसता येते. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर ही भावंडे आईवडिलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघ समोर आला, सगळे पांगले, निवृत्तिनाथ एका गुहेत शिरले आणि तेथे त्यांना नाथपंथातले गुरू गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांना ज्यांनी उपदेश केला त्यांना स्वतःला उपदेश या डोंगरात मिळाला. नीलमेघ, तुम्ही दर्शन एकीकडे आणि डोंगर दुसरीकडे अशी वाटणी केली आहे, म्हणून आईंचा प्रवास वेगळा आणि तुमचा वेगळा होऊन बसला आहे. त्र्यंबकमध्ये डोंगर हेच दैवत आहे. तुम्ही वर जाऊन या आणि मुलाला ही कथा वाटेत सांगा. आई खाली समाधीपाशी बसतील.

नीलमेघ
वरिष्ठांशी बोललो, रजा पुढच्या बुधवार-गुरुवारी मिळते आहे. त्र्यंबकमध्ये खोलीचे पैसे भरले. बुधवारी संध्याकाळी निवृत्तिनाथांची समाधी, गुरुवारी पहाटे दर्शन आणि त्यानंतर आम्ही तिघे ब्रह्मगिरीवर, असे ठरवले आहे. हरिहर या वेळी काढून टाकला आहे. ब्रह्मगिरीचा माथा आणि त्याच डोंगरावरचे गंगाद्वार हे स्थान एकाच सकाळी होतात का? मुलाकडे पाठीवरची पिशवी द्यावी का?

गोदाकाठ
दोन्ही होतात. वर चढताना वाट फुटते, एक उगमाकडे आणि जटाशंकराच्या मंदिराकडे जाते, दुसरी गंगाद्वाराकडे. गंगाद्वाराच्या सुमारे ७५० पायऱ्या आहेत आणि जवळच गोरक्षनाथांची गुंफा आहे. माथ्यावर धुके असेल तर वरचा टप्पा सोडून गंगाद्वारावर समाधान माना. मुलाला पाठीवरची बंद पिशवी द्यायला हरकत नाही, पण हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा खाऊचा पुडा अजिबात नको. वाटेवरची माकडे पुडा ओढून घेतात आणि दचकून मूल मागे सरकले तर मागे पायऱ्याच असतात. मोठ्यांपैकी एकाने हातात काठी ठेवावी.

सह्यवाट
निर्णय झाला आहे तर त्याला माझा विरोध नाही. फक्त हरिहर कायमचा काढून टाकू नका. दिवाळीनंतर, कोरड्या कातळावर, मधल्या वारी आणि हर्षेवाडीच्या वाटेने या. मुलाचा आणि तुमचा हात खोबणीत नीट बसेल.

कडेकपारी
दिवाळीनंतर मधल्या वारी, याला माझी पूर्ण संमती आहे.