मातीची बसलेली आकृती: खांदे सुटले, तळ चिरला, डोकं भट्टीत फुटलं

मृण्मयी_३
मांडी घालून बसलेली बाई, उंची ४५ सेंमी, तयार आणलेली टेराकोटा माती, ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) नाही. धड वळ्यांचं (मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून), पोकळ, भिंत १ सेंमी. हात आणि डोकं भरीव. प्लायवर बांधली, पंख्याखाली पाच दिवस वाळवली, इलेक्ट्रिक भट्टीत सात तासांत ९५० अंशांवर नेली. हात खांद्यापाशी वाळतानाच सुटले, तळाला मधोमध भेग गेली, आणि भट्टीत डोक्याचे तुकडे झाले. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल का?

भट्टीकर
बुडबुडा नाही, पाणी. दहा सेंमी जाडीचं भरीव डोकं पाच दिवसांत वरून पांढुरकं दिसतं, गाभा ओलाच असतो. १०० अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते आणि तिला सुमारे १६०० पट जागा लागते. माती खरंच कोरडी असेल तर आतली हवा कुणाला फोडत नाही.

डोकं भरीवच घडवा, पण लेदर हार्ड (चामड्यासारखं घट्ट, तरी किंचित ओलसर) झालं की कानांमागून तारेने उभं कापा. लूप टूलने (तारेच्या फासाचं कोरणं) आतून कोरून सगळीकडे १ ते सव्वा सेंमी जाडी ठेवा. नाक आणि हनुवटीच्या मागे जास्त कोरावं लागतं, माती तिथेच साचते. मग कडा खरवडून, स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावून परत जोडा. सांधा केसांखाली जातो. मानेतून धडात आणि धडातून तळाला भोक हवंच. दंडही असेच पोकळ करा. बोटं भरीव चालतात.

वळीमास्तर
खांद्याचं कारण वेगळं. हात बारीक, तो आधी वाळला आणि आक्रसला. धड ओलंच होतं. जोडताना दोन्ही भागांचा ओलावा सारखा हवा. दोन्हीकडे ३ मिमी खोल आडव्या-उभ्या रेघा, त्याच मातीची दाट स्लिप, हवं तर त्यात थोडं व्हिनेगर. स्लिप बाहेर येईपर्यंत दाबा आणि सांध्याभोवती बारीक वळी मुरवा. नंतर दोन दिवस सगळं प्लास्टिकमध्ये. पुढे वाळवताना बोटं, कान, नाक यांवर प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवून धड उघडं सोडा. पंखा बंद! दोन-तीन आठवडे धरा. रोज वजन करा; सलग दोन दिवस तेच आलं तर वाळली.

हाताला टेकू द्यायचा तर त्याच मातीचा, म्हणजे तोही सोबत आक्रसतो. लाकडाचा टेकू तसाच राहतो आणि हात वर ढकलतो. आत लोखंडी तारही नको, त्याच कारणाने.

तळाचं गणित: वाळताना ६ टक्के आक्रसली तर २५ सेंमीचा तळ दीड सेंमी आत येणार. प्लायला चिकटला की मधूनच फाटणार. खाली वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यावर कोरडी वाळू पसरा. भट्टीच्या फरशीवरही वाळू.

आणि ग्रॉग घाला, २५ टक्के.

नवशिका
शाडू वापरली तर?

भट्टीकर
शाडूची गणेशमूर्ती भाजायची नसते, म्हणून तिथे जाड भरीव काम खपतं. तीच सवय भट्टीच्या कामात आडवी येते.

२५ टक्के ग्रॉग चेहऱ्याला खरखरीत होतो, पापण्या ओढताना कण उपटतात. अर्ध्या मिमीच्या चाळणीतला १५ टक्के पुरे. अवांतर: तमिळनाडूतल्या अय्यनार या ग्रामदेवाच्या मोठ्या घोड्यांच्या मातीत भाताचा तूस आणि वाळू असते, राजस्थानातल्या मोलेलाच्या देवपट्टांत गाढवाची लीद. तूस आणि लीद भट्टीत जळून जातात आणि माती सच्छिद्र राहते.

भाजणी: सात तास कपाला ठीक, याला नाही. ८० ते ९० अंशांवर रात्रभर, झाकण किंचित उघडं. सकाळी भट्टीच्या भोकासमोर क्षणभर थंड आरसा धरा. धुकट झाला तर थांबा. मग तासाला ५० अंशांनी ६०० पर्यंत. या टप्प्यात मातीच्या घडणीतलंच पाणी निघतं, आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतं. पुढे तासाला १०० चालेल. उतरताना क्वार्ट्झ तिथेच एकदम आक्रसतं, म्हणून १०० च्या खाली येईपर्यंत झाकण उचलू नका.

मृण्मयी_३
भेग वाळताना गेली की थंड होताना, ते भाजल्यावर कसं कळेल? आणि ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) लावू का?

वळीमास्तर
वाळतानाची भेग एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळती, कडा ओबडधोबड. थंड होतानाची केसासारखी, सरळ, कडा धारदार. टिचकी मारली तर आवाज बद्द येतो. ग्लेझखाली भेगेच्या कडा गोल वितळलेल्या दिसल्या तर ती आधीचीच.

चेहऱ्यावर जाड ग्लेझ नको, पापण्या बुजतात. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून सगळीकडे लावा, ओल्या स्पंजने उंचवट्यांवरून पुसा, खळग्यांत राहू द्या. मग पुन्हा १००० अंशांवर एक भाजणी, ग्लेझ न लावता.