चेक आणि शह एकाच घरातले

चेक हा शब्द आपण दिवसभरात कितीदा वापरतो बघा, बँकेत चेक टाकला, चेक्सचा शर्ट घेतला, बीपी चेक केलं, हॉटेलात चेक-इन, मुलुंडचा चेकनाका, आणि इंग्रजीत बुद्धिबळ खेळताना राजावर मारा आला तरी चेकच. बऱ्याच जणांना वाटतं की हे उच्चाराने सारखे पण वेगवेगळे शब्द असणार. तसं नाहीये. सगळे एकाच शब्दातून निघालेत आणि तो शब्द मराठीत आपल्या तोंडी आहे, शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. आपल्याकडचं चतुरंग इराणात जाऊन चतरंग झालं, अरबांकडे शतरंज झालं, आणि समोरच्याच्या राजावर मारा केला की "शाह!" म्हणून त्याला सावध करायची पद्धत होती. हाच शब्द अरबांकडून युरोपात पोचला, मध्ययुगीन लॅटिनमधे स्काकस, जुन्या फ्रेंचमधे एशेक, आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत चेक. चेस हा शब्द तर त्या फ्रेंच एशेकचं अनेकवचन. मराठीत मात्र शह एवढा वळसा न घेता फारसीतूनच आला. चेकमेटमधला मेट म्हणजे आपला मात, "संकटावर मात केली" मधला. त्याचा अर्थ "राजा मेला" असा सांगतात तो अरबी शब्दाशी सांगड घालून, मूळ फारसीत मात म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला. मला हाच अर्थ पटतो, बुद्धिबळात राजा मरत कुठे, अडकतो.

आता अर्थ कसे फुटले ते बघू. शह बसला की मनातली चाल बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. आइस हॉकीत अंगावर जाऊन अडवतात त्याला बॉडीचेक म्हणतात, तो हाच जुना अर्थ. तपासणं हा अर्थ बराच नंतरचा, १७ व्या शतकातला. चेकनाक्यावर दोन्ही एकत्र सापडतात, गाडी अडवायची आणि बघायची. मुंबईची जकात २०१७ मधे जीएसटी आल्यावर गेली, पण रिक्षावाल्याला आजही "चेकनाका" एवढं सांगितलं की पुरतं.

सगळ्यात भारी भाग चौकटींचा आहे. चेक्स म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्या, इथवर सोपं आहे. पण १२ व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा ते साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, त्यावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरायचे आणि पौंड, शिलिंग, पेन्सच्या रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करायचे. ते दिसायचं पटासारखं म्हणून त्या खात्याचंच नाव एक्सचेकर पडलं. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ही सगळी रीत लिहून ठेवलीय, आणि तो म्हणतो की पटावर जशी राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ (परगण्यातला राजाचा वसुली अधिकारी) यांची होते. किती नेमकं लिहिलंय! ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात.

बँकेतला चेक या टेबलावरून आला असं वाटेल पण तसं नाही, १८ व्या शतकात चेक म्हणजे मागे राहणारी स्थळप्रत, अफरातफरीला आळा घालणारी, आणि पुढे ते नाव कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग मात्र एक्सचेकरकडे बघून बदललं, अमेरिकेत साधंच राहिलं. अमेरिकेत हॉटेलचं बिलही चेक, बरोबरची खूणही चेक. चेक प्रजासत्ताकाचा मात्र याच्याशी काडीचा संबंध नाही, ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव.

अजून एक. "क्रॉसचेक कर" म्हणजे आपण परत एकदा खात्री करणं धरतो, पण बुद्धिबळात क्रॉसचेक म्हणजे शहातून सुटतासुटता समोरच्यालाच दिलेला शह, म्हणजे शब्दशः आपला काटशह! राजकारणाच्या बातम्यांत शह-काटशह रोज वाचतो, तो इतका तंतोतंत खेळातला शब्द आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? प्यादेमात हाही असाच एक सुंदर शब्द, प्याद्याने केलेली मात. तुमच्या घरी जुनी माणसं बुद्धिबळ खेळताना असे आणखी कुठले शब्द वापरायची ते नक्की लिहा, डावातल्या कुठल्या प्रसंगी वापरायची तेही सांगा.